गीताचे आद्याक्षर

गाण्याला स्वतंत्र नाव असावे, ही कल्पना आपल्याकडे तशी अलीकडची आहे. तुकोबांच्या अभंगाला शीर्षक नाही, पुरंदरदासांच्या पदाला नाही आणि जात्यावरच्या ओवीलाही नाही. कीर्तनकार अभंग सांगतो तो पहिल्या चरणावरून. बंगळूरच्या एखाद्या संगीतसभेत बसलेला श्रोता त्यागराजांची कृती ओळखतो तीही पल्लवीच्या पहिल्या दोन-तीन शब्दांवरून. गीत जेथे सुरू होते, तेच त्याचे नाव. साहजिकच गीतांचा संग्रह मोठा झाला की हवे ते गीत सापडावे कसे, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर बहुधा एकच निघते : पहिले अक्षर पाहावे. हे उत्तर इतके साधे आहे, की त्यालाही काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा दोन टोकांकडून घ्यावयाचा आहे. एक टोक बंगळूरचे. सतराव्या शतकात तेथे मराठी काव्य अनेक भाषांच्या सहवासात नांदले. दुसरे टोक जपानचे. तेथे पहिल्या अक्षरावरून कविता ओळखण्याची एक विद्याच सिद्ध झाली. ही दोन टोके वरवर पाहता परस्परांपासून फार दूर आहेत. परंतु जपानमधील गीतसूची ज्या क्रमाने लावली जाते तो क्रम, आणि बंगळूरचे मूल कन्नड, तेलुगू किंवा मराठी पाटीवर जो क्रम गिरवते तो क्रम, यांचे मूळ एक आहे.

आरंभ बंगळूरपासून करू. निजामशाही १६३६ मध्ये अस्तास गेली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या सेवेत दाखल झाले. रणदुल्लाखानाबरोबरच्या कर्नाटकातील मोहिमेत, १६३८ साली, केंपेगौडाच्या वंशजांकडून बंगळूर घेतले गेले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठाणे झाले. १६६४ मध्ये होदिगेरे येथे त्यांचा अंत होईपर्यंत, मोहिमांच्या धामधुमीतही, या ठाण्यावर विद्वानांचा व कवींचा राबता असे. ही माहिती आपल्याला ठसठशीतपणे मिळते ती जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथातून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये तो विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. जयराम हा मूळचा नाशिककडचा. शहाजीराजांची कीर्ती ऐकून तो दरबारात आला तेव्हा त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. कारण विचारता, आपण बारा भाषांत कविता करू शकतो, असे त्याने सांगितले. संस्कृत, मराठी, कर्नाटकी, गुजराती, पंजाबी, हिंदुस्थानी, यावनी अशा भाषांचा त्यात समावेश होता. ग्रंथाचा मोठा भाग संस्कृतात असला तरी अखेरचा उल्लास देशभाषांतील रचनांसाठी राखलेला आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात या प्रसंगाचे महत्त्व बहुधा राजकीय दृष्टीने सांगितले जाते. येथे मात्र त्यातील काव्यव्यवहाराकडे लक्ष द्यावयाचे आहे.

दरबारातील मंडळी जयरामापुढे समस्या टाकीत आणि तो त्या पुऱ्या करी. समस्यापूर्तीची रीत जुनी आहे. पद्याचा शेवटचा चरण किंवा त्याचा तुकडा दिला जातो. वरचे चरण कवीने रचावयाचे आणि अर्थाची व वृत्ताची घडी अशी बसवावयाची, की दिलेला शेवट अटळ वाटावा. म्हणजे येथे पद्याचा अंत ठाऊक असतो आणि आरंभ शोधावा लागतो. बारा भाषांत हे करावयाचे म्हणजे कानही बारा ठेवावे लागतात. मराठी कवीचे लक्ष चरणाच्या शेवटी, यमकाकडे असते. कन्नड किंवा तेलुगू कवीचे लक्ष चरणाच्या आरंभाजवळ असते, कारण तेथे प्रत्येक चरणातील दुसरे अक्षर जुळवण्याची, आदिप्रासाची, परंपरा आहे. तमिळमध्ये तर पहिल्या अक्षराच्या जुळणीला ‘मोनै’ आणि दुसऱ्याच्या जुळणीला ‘एदुगै’ अशी स्वतंत्र नावेच आहेत. आरंभाची आणि अंताची अक्षरे यांची ही जाण त्या काळच्या बंगळुरात शेजारी शेजारी वावरत होती. अक्षर हा काव्याचा सुटा, मोजता येणारा घटक आहे, हे भान या सर्व परंपरांना समान आहे. अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांनी मोजणाऱ्या मराठी मनाला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

समस्यापूर्तीच्या उलट खेळ म्हणजे आरंभीचे अक्षर देऊन पद्य मागणे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील चौसष्ट कलांमध्ये ‘प्रतिमाला’ नावाची कला येते. यशोधराने आपल्या ‘जयमंगला’ टीकेत तिचा अर्थ दिला आहे तो असा, की एकाने श्लोक म्हणावा आणि दुसऱ्याने त्या श्लोकाच्या अंत्य अक्षराने सुरू होणारा श्लोक म्हणावा. हीच अंत्याक्षरी. उर्दूत तिला बैतबाजी म्हणतात, मराठीत गाण्याच्या भेंड्या. उत्तर सुचले नाही की भेंडी चढते, हे मराठी घरात कोणाला सांगावे लागत नाही. १९९३ पासून दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमामुळे ‘अंताक्षरी’ हे नाव सर्वत्र रूढ झाले. त्याआधीही लग्नाच्या वऱ्हाडात, सहलीच्या मोटारीत आणि आगगाडीच्या डब्यात हा खेळ चालतच होता. या खेळात भाषेची अंगभूत रचना कशी उघड होते ते पाहण्यासारखे आहे. मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी शब्द सुरू होत नाही. म्हणून गाणे ‘ळ’वर संपले की ‘ल’ घ्यावा आणि ‘ण’वर संपले की ‘न’ घ्यावा, असा अलिखित करार झालेला असतो. आता जपानी मुलांचा ‘शिरितोरी’ हा खेळ पाहावा. या नावाचा शब्दशः अर्थ ‘शेपूट पकडणे’ असा होतो. आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढला शब्द सुरू करावयाचा. पण ज्याचा शब्द अनुनासिक ‘न्’वर संपेल तो बाद, कारण त्या अक्षराने जपानी शब्द सुरू होत नाही. आपण जेथे सवलत दिली, तेथे जपान्यांनी हार ठरविली. अडचण मात्र एकाच जातीची आहे.

जपानमध्ये शब्दांच्या या खेळाखेरीज काव्याचाही एक खेळ आहे, आणि तो सर्वस्वी आद्याक्षरावर उभा आहे. फुजिवारा नो तेइका या कवीने इ. स. १२३५च्या सुमारास शंभर कवींचे प्रत्येकी एक पद्य निवडून एक संग्रह सिद्ध केला. ‘हयाकुनिन इश्शु’ या त्याच्या नावाचा अर्थच ‘शंभर जणांचे एकेक पद्य’ असा आहे. यातील कवी सातव्या ते तेराव्या शतकांतले असून त्यांत एकवीस स्त्रिया आहेत. प्रत्येक पद्य ‘वाका’ या छंदात, म्हणजे पाच, सात, पाच, सात, सात अशा एकतीस अक्षरमात्रांत बांधलेले आहे. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत परिचित झालेला हायकू हा याच छंदाच्या पहिल्या तीन चरणांतून कालांतराने स्वतंत्र झाला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांच्याबरोबर पत्त्यांचा खेळ आला. पत्त्याला असलेला ‘कार्ता’ हा पोर्तुगीज शब्द जपानीत ‘कारुता’ झाला. ज्या पोर्तुगिजांकडून आपण ‘पाव’ घेतला, त्यांच्याचकडून जपान्यांनी त्याच खाद्याला ‘पान्’ हा शब्द घेतला. तसाच हा शब्द. पुढे या शंभर पद्यांचे पत्ते झाले आणि नववर्षाच्या दिवसांत घरोघर ते खेळले जाऊ लागले.

खेळ असा : वाचक पद्याचा पूर्वार्ध म्हणू लागतो. खेळाडूंपुढे मांडलेल्या पत्त्यांवर फक्त उत्तरार्ध लिहिलेला असतो. पूर्वार्ध ऐकून ज्याचा त्याचा उत्तरार्ध ओळखावा आणि इतरांच्या आधी पत्ता उचलावा. जयरामापुढे शेवट ठेवून आरंभ मागितला जाई. येथे आरंभ कानी पडतो आणि शेवट हाताने गाठावयाचा असतो. फरक एवढाच, की येथे नवे काही रचावयाचे नाही, शंभर पद्ये आधीच मुखोद्गत असली पाहिजेत. १९०४ साली कुरोइवा रुइको या पत्रकाराने तोक्योमध्ये या खेळाला स्पर्धेचे शिस्तबद्ध रूप दिले. स्पर्धेत शंभरांपैकी पन्नासच पत्ते मांडतात, प्रत्येकाकडे पंचवीस. वाचली मात्र शंभरही पद्ये जातात. त्यामुळे ऐकलेल्या पद्याचा पत्ता समोर आहे की नाही, हेही क्षणार्धात ठरवावे लागते. ओत्सू येथील ओमी देवस्थानात या खेळाच्या सर्वश्रेष्ठ पदासाठी दर वर्षी सामने होतात. संग्रहातील पहिले पद्य सम्राट तेन्जी याचे आणि हे देवस्थान त्याच्या स्मरणार्थ उभारलेले, असा त्यातला संबंध आहे.

निष्णात खेळाडू संपूर्ण पूर्वार्धाची वाट पाहत नाही. पद्य निश्चित ओळखता यावे यासाठी आरंभीची जेवढी अक्षरे ऐकणे आवश्यक, तेवढ्यांना ‘किमारिजी’, म्हणजे निर्णायक अक्षरे, म्हणतात. सात पद्ये अशी आहेत, की पहिले अक्षर ऐकताच ती ठरतात : मु, सु, मे, फु, सा, हो आणि से. या अक्षरांनी सुरू होणारे दुसरे पद्य संग्रहात नाही. बेचाळीस पद्यांना दोन अक्षरे लागतात, सदतीसांना तीन, सहांना चार, दोघांना पाच. उरलेली सहा पद्ये अशी, की त्यांच्या जोड्यांची पहिली पाचही अक्षरे सारखी आहेत आणि सहाव्या अक्षरापर्यंत खेळाडूने हात आवरला पाहिजे. शंभर पद्ये मिळून केवळ सत्तावीस अक्षरांनी सुरू होतात. त्यांत सर्वांत मोठे कुटुंब ‘अ’चे आहे, सोळा पद्यांचे. ‘र’ने सुरू होणारे एकही पद्य नाही, कारण जुन्या शुद्ध जपानी शब्दांच्या आरंभी ‘र’ येत नसे.

यापुढची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. निर्णायक अक्षरे खेळ चालू असताना बदलत जातात. समजा, एका अक्षराने सुरू होणारी दोनच पद्ये आहेत आणि त्यांतले एक वाचून झाले. मग उरलेले पद्य पहिल्या अक्षरावरच ओळखता येते. जो जो पद्ये संपत जातात, तो तो उरलेल्यांची ओळख आखूड होत जाते. म्हणून चांगला खेळाडू समोर काय आहे हे जितके जाणतो, तितकेच काय वाचून गेले हेही मनात ठेवतो. ओळख सोपी झाली, याचा अर्थ भोवतालची पद्ये कमी झाली. हा खेळातला नियम खेळाबाहेरही किती लागू पडतो, ते पुढे पाहू.

आता क्रमाकडे वळू. जपानमध्ये काव्य लावण्याची सर्वांत प्रतिष्ठित रीत विषयवार होती. इ. स. ९०५च्या सुमारास सम्राटाच्या आज्ञेने संपादिलेल्या ‘कोकिनवाकाशू’त वीस खंड आहेत आणि ते ऋतू, प्रेम, प्रवास, शोक अशा विषयांनी लावलेले आहेत. अशी रचना करणाऱ्याला रसिकता लागते, आणि ती वापरणाऱ्यालाही. आपल्याकडे रागांनुसार किंवा प्रकरणांनुसार लावलेल्या पदसंग्रहांचेही तेच आहे. अक्षरक्रमाला मात्र रसिकतेची अट नाही. सम्राटाचे पद्य आणि अनामिकाचे पद्य त्यात एकाच नियमाने बसते. जपानमध्ये असे दोन अक्षरक्रम होते. पहिला ‘इरोहा’. तो स्वतःच एक कविता आहे. जपानी वर्णांपैकी प्रत्येक वर्ण तीत एकदाच, आणि एकदाच, येतो. सत्तेचाळीस अक्षरांत ती पुरी होते. तिचा सर्वांत जुना उपलब्ध पाठ १०७९ सालचा आहे. परंपरा तिचे कर्तृत्व कूकाई या आचार्याकडे देते, अभ्यासक तिला त्याच्यानंतरची मानतात. तिचा आशय बौद्ध आहे : जे फुलते ते गळते, जे निर्माण होते ते नाश पावते. महापरिनिर्वाणसूत्रातील अनित्यतेच्या गाथेचा हा अनुवाद असल्याचे सांगतात. शतकानुशतके जपानी मुले याच कवितेतून अक्षरे शिकली आणि तिच्या क्रमाने शब्द लावू लागली.

दुसरा क्रम ‘गोजूओन’, म्हणजे ‘पन्नास ध्वनी’. आज कोश, सूच्या आणि गीतसंग्रह याच क्रमाने लावतात. त्याचे स्वर असे : अ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांच्या ओळी अशा : क, स, त, न, ह, म, य, र, व. मराठी वाचकाने ही ओळ एकदा मोठ्याने म्हणून पाहावी. कवर्गानंतर चवर्ग हवा, तेथे ‘स’ आहे. पवर्गाच्या जागी ‘ह’ आहे. बाकी सर्व आपापल्या घरी. याचे कारण असे सांगतात, की प्राचीन जपानीत आजच्या ‘स’चा उच्चार ‘च’जवळचा आणि आजच्या ‘ह’चा उच्चार ‘प’ होता. हा क्रम बसविला गेला तेव्हा ती अक्षरे योग्य जागीच होती. उच्चार मागाहून सरकले, जागा मात्र सरकल्या नाहीत. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांचा जो प्रवास आपल्या शिक्षाग्रंथांनी निश्चित केला, तोच हा. बौद्ध मंत्र अचूक म्हणता यावेत म्हणून जपानी भिक्षूंनी संस्कृत ध्वनिशास्त्राचा अभ्यास केला आणि त्या अभ्यासातून, अकराव्या शतकाच्या आरंभापासून, अशी कोष्टके आढळू लागतात. त्याआधी, ७३६ मध्ये, बोधिसेन हा भारतीय भिक्षू जपानला पोहोचला होता. ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलनविधी त्याच्याच हस्ते झाला. नवव्या शतकाच्या प्रारंभी कूकाई चीनमध्ये जाऊन संस्कृत शिकून आला आणि त्याने स्थापिलेल्या शिंगोन पंथात ‘अ’ या एका अक्षरावर ध्यान करण्याची साधना आजही चालते.

जपानमध्ये ही संस्कृत अक्षरे ज्या लिपीत पोहोचली, तिला तेथे ‘शित्तान’ म्हणतात. हा शब्द ‘सिद्धम्’. पाटीवर पहिले अक्षर काढण्यापूर्वी मंगल म्हणून ‘ॐ नमः सिद्धम्’ लिहिण्याचा प्रघात होता, त्यातला हा शब्द लिपीचेच नाव होऊन बसला. मराठीत तेच वाक्य मुलांच्या तोंडी ‘ओनामासिधं’ झाले आणि त्यातून कोणत्याही कार्याच्या आरंभाला ‘ओनामा’ हा शब्द मिळाला. धूळपाटीवरच्या एका वाक्याचा पूर्वार्ध आपल्याकडे राहिला आणि उत्तरार्ध जपानला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

बंगळूरच्या वाचकाला हे विशेष जवळचे वाटावे. त्या शहराच्या रस्त्यांवरील पाट्यांवर कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, देवनागरी अशा लिप्या दिसतात. उर्दू वगळता या सर्वांचा वर्णक्रम एकच आहे. तमिळने महाप्राण आणि घोष व्यंजने गाळून तो आपल्या ध्वनींपुरता ठेवला. जपानीने केले तेही असेच. कन्नडने ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’, ऱ्हस्व व दीर्घ ‘ओ’ अशी भर घातली. त्यामुळे बंगळुरात कन्नड शाळेत शिकलेला मराठी भजनी जेव्हा अभंगांची वही कन्नड लिपीत उतरवतो, तेव्हा ‘एक’ या शब्दाने सुरू होणारा अभंग कोणत्या ‘ए’खाली घालावा, हा प्रश्न त्याच्यापुढे येतो. पुण्याच्या सूचीकाराला तो कधीच पडत नाही. एवढा फरक सोडला तर त्याची वही आणि पंढरपुरातली छापील गाथा एकाच क्रमाने उघडता येतात. संगणकासाठी १९८८ मध्ये भारतीय लिप्यांचे जे समान कोष्टक तयार झाले, त्याचाही आधार हाच. आजच्या युनिकोड पद्धतीत देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ आपापल्या तक्त्यांत एकाच क्रमांकाच्या घरात आहेत, आणि जपानी अक्षरांचा तक्ताही ‘गोजूओन’ क्रमानेच मांडलेला आहे.

आधुनिक काळात या क्रमाचे महत्त्व छापखान्यामुळे वाढले. इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ ते १८७३ या काळात तुकारामगाथेची संपादित आवृत्ती दोन भागांत काढली, तिला मुंबई सरकारचे साहाय्य होते. सुमारे साडेचार हजार अभंगांच्या अशा ग्रंथात अभंग शोधावयाचा तर आद्यचरणांची अकारविल्हे सूची हाच मार्ग. ज्याला गाथा पाठ आहे त्याला तिची गरज नसते. ज्याला एखादाच चरण आठवतो त्याला ती गाथेत प्रवेश देते. जपानमध्ये ओत्सुकी फुमिहिको याने १८८९ ते १८९१ या काळात ‘गेनकाई’, म्हणजे ‘शब्दसागर’, हा कोश प्रसिद्ध केला आणि त्यासाठी ‘इरोहा’ऐवजी ‘गोजूओन’ क्रम स्वीकारला. शतकभराने, कोबे शहरात १९७१ मध्ये जन्मलेल्या ‘काराओके’ यंत्राबरोबर गीतांच्या ज्या जाडजूड सूच्या आल्या, त्याही याच क्रमाच्या. अमुक अक्षराने सुरू होणारी गाणी कोणती, हे पाहण्यासाठी जपानी माणूस पान उलटतो तेव्हा त्याचे बोट पाणिनीच्या वाटेवरून चालत असते.

येथे बंगळूरकडे पुन्हा वळणे भाग आहे. शहाजीराजांच्या पश्चात बंगळूर एकोजींकडे राहिले. मल्लेश्वरम येथील काडु मल्लेश्वर मंदिराला त्यांनी दिलेल्या देणगीचा १६६९ सालचा शिलालेख तेथे आहे. पुढे एकोजी तंजावरला गेले आणि १६८७ मध्ये मोगलांनी घेतलेले बंगळूर लवकरच म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. बहुभाषिक काव्याची ती परंपरा तंजावरला फुलली. एकोजींचे पुत्र शहाजी यांच्या नावावर ‘पंचभाषाविलास’ हे पाच भाषांतील नाटक आहे आणि तेथील सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह सूचीबद्ध होऊन सुरक्षित आहे. बंगळूरच्या वाट्याला तसे ग्रंथालय आले नाही. शहाजीराजांच्या दरबारात जी पदे, जी कवने म्हटली गेली असतील त्यांपैकी आपल्या हाती आहे ते जयरामाने ग्रंथात गुंफले तेवढे. शेजारी बसलेल्या इतर कवींच्या रचना, ज्यांना कोणी वहीत जागा दिली नाही, त्या ऐकणाऱ्यांबरोबर संपल्या. कन्नड मुलखात मराठी बोलणाऱ्या नामदेव शिंपी, भावसार आणि इतर समाजांनी विठ्ठलमंदिरांतून भजनाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या राखली, हे त्या पार्श्वभूमीवर मोलाचे आहे. शेजारच्या मंदिरात पुरंदरदासांचे पद गायिले जाई, त्याच्याही शेवटी विठ्ठलाचीच मुद्रा असे. त्यामुळे मराठी अभंग तेथे परका वाटला नाही. परंतु घरात मराठी बोलणारे कमी झाले की पाठ असलेल्या गीतांची संख्या घटत जाते. ती घट एकदम लक्षात येत नाही.

‘किमारिजी’चा नियम येथे आठवावा. ज्या घरात ‘अ’ने सुरू होणारी सोळा गाणी ठाऊक असतात, तेथे भेंड्यांत ‘अ’ आले की क्षणभर थांबून निवड करावी लागते. ज्या घरात एकच उरलेले असते, तेथे उत्तर तत्काळ येते, आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच येते. दूरदेशी गेलेल्या, किंवा तीन-चारशे वर्षे दूरदेशी स्थिरावलेल्या, कोणत्याही भाषिक समाजाचे असेच होते. प्रत्येक सणाला म्हणावयाचे गीत ठरून जाते, सर्वांना ते पहिल्या अक्षरावर ओळखू येते आणि परंपरा जिवंत असल्याचे समाधान मिळते. खेळाडूला मात्र ठाऊक असते, की आपण इतक्या लवकर ओळखू लागलो त्या अर्थी पुष्कळ पत्ते वाचून झालेले आहेत. फरक एवढाच, की जपानी खेळात दुसऱ्या डावाला शंभर पत्ते पुन्हा मांडता येतात. वाङ्मयाच्या बाबतीत ते काम कोणीतरी करावे लागते : संग्रह करणाऱ्याने, उतरवून घेणाऱ्याने, सूची लावणाऱ्याने.

सूचीकाराच्या कामाला आपल्याकडे वाङ्मयात फारसे मानाचे स्थान नाही. कवीचे नाव मुखपृष्ठावर असते, संपादकाचे आतल्या पानावर, सूचीकाराचे बहुधा कोठेच नाही. तरीही जयरामाच्या बारा नारळांची गोष्ट आपल्याला कळते ती कोणी ते हस्तलिखित राखले, कोणी वाचले आणि छापले म्हणून. ‘अक्षर’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जे झरत नाही, नाश पावत नाही’ असा आहे. ‘इरोहा’च्या कर्त्याने सर्व काही नाशवंत आहे हे सांगण्यासाठी आपल्या भाषेतील सगळी अक्षरे एकदाच वापरली. त्याचे म्हणणे खरे ठरले आणि त्याची अक्षरेही टिकली. मध्यंतरी नऊशेहून अधिक वर्षे कोणी ना कोणी ती गिरवीत राहिले. बंगळुरातील एखाद्या भजनी मंडळाच्या कपाटात कन्नड लिपीतील मराठी अभंगांची जुनी वही असेल, तर तिची आद्यचरणांची सूची करण्यास एका अभ्यासकाचे फार तर काही आठवडे जातील. ‘अ’पासून आरंभ करावा, क्रम सर्वांना ठाऊक आहे.